टावेलाचा हिसका

एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली आणि डोकं नेहमीसारखं भलतीकडेच, अशी प्रियदर्शनी बाळीवेशीचा कोपरा वळली, तर समोर तिचाच पिक्चर चालत होता. म्हणजे खराखुरा, हाडामांसाचा. पुढं सिद्धलिंगप्पा अज्जा, त्यांच्या मागं दोन पावलांवर चन्नम्मा अव्वा. त्यात नवल कसलं? हे दोघं तिच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहायचे, सकाळी सातला बाहेर पडायचे, तळ्याच्या कडेनं सिद्धेश्वराच्या देवळात जायचे. तिनं अकरा महिने ह्या दोघांना इतक्या वेळा कागदावर काढलं होतं, की त्यांच्या चपलांतले अंगठे तिला स्वतःच्या अंगठ्यांपेक्षा जास्त ओळखीचे झाले होते. एरवी ती त्यांना समोरून बघायची, आपल्या गॅलरीतून. आज दूध आणायला उशीर झाला म्हणून पहिल्यांदाच मागून बघत होती, एवढाच काय तो फरक. तेवढ्यात तिच्या पाठीमागून एक मोटारसायकल कर्कश्श हॉर्न वाजवत आली. ती दचकून भिंतीला चिकटली. अज्जा आपले रस्त्याच्या मधून निवांत. आणि अव्वाचा हात पुढं आला. अज्जांच्या गळ्यातल्या टावेलाची पाठीवर लोंबणारी दोन्ही टोकं त्या हातानं धरली आणि एक हिसका दिला. अज्जांची मान जराशी मागं गेली, हनुवटी वर उचलली गेली, पाय जागच्या जागी थांबले. मोटारसायकल त्यांच्या कोपराला जवळजवळ घासून गेली. हातानं टोकं सोडली. "नडीरी," अव्वा म्हणाली. चला म्हणाली, एवढंच. अज्जा चालायला लागले. दोघांनी एकमेकांकडं ढुंकूनही बघितलं नाही. सगळा कारभार एका सेकंदाचा. तिच्या पिक्चरच्या हिशेबानं बारा चित्रं, प्रियदर्शनीनं सवयीनं मनात मोजलं, आणि मोजता मोजता ती जागीच थबकली. कारण ही बारा चित्रं तिनं काढली होती. काढली होती, आणि मग चूक म्हणून खोडून टाकली होती.

टावेलाचं म्हणाल तर तो अख्ख्या गल्लीच्या चेष्टेचा विषय. लोक टावेल खांद्यावर टाकतात, नाहीतर गळ्यात घालून टोकं पुढं सोडतात. अज्जांचा उलटा. मधला भाग गळ्याशी, दोन्ही टोकं पाठीवर. प्रियदर्शनीनं एकदा विचारलं होतं तेव्हा अज्जा त्यांच्या त्या ठेवणीतल्या मोठ्या आवाजात म्हणाले होते, "गिरणीत टोक पुढं ठेवलं तर मागाच्या चाकात जातंय. टोकामागनं माणूस जातोय!" तिला ते उत्तर फार आवडलं. गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, तिथं आता बंगले झाले, तरी माणसाच्या गळ्यात गिरणी अडकून राहिलीच आहे, असं काहीबाही तिनं वहीत लिहूनही ठेवलं. लिहायला काय जातंय! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

ती त्यांच्या मागं चालत राहिली. घर मागं पडलं, दुधाची पिशवी बोटांना काचायला लागली, तरी चालत राहिली. पुण्याच्या एका स्टुडिओत तिनं नऊ वर्षं दुसऱ्यांचे ससे आणि दुसऱ्यांचे टूथब्रश नाचवले होते. तिथंच शिवराज भेटला, तिथंच लग्न झालं आणि तिथंच अडीच वर्षांत ते संपलं. भांडण नाही, मारहाण नाही, काही नाही. आपण एकमेकांच्या बरोबरीनं चालायचं, कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं आणि ते पाळलंही होतं. बरोबरीनं चालता चालता एक दिवस लक्षात आलं, की आपण शेजारी आहोत खरे, पण आपापल्या रस्त्यानं. ती सोलापूरला परत आली. आई धनलक्ष्मी, जिच्या जिभेला हाड नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या पोरीनं नवरा सोडला आणि म्हातारा-म्हातारी धरली." खोटं नव्हतं. गॅलरीत बसून ह्या दोघांना येताना बघायची आणि तिला प्रश्न पडायचा, की एकसष्ट वर्षं माणसं करतात तरी काय? कशावर चालतं हे? तोच पिक्चर झाला. सहा मिनिटं, सेकंदाला बारा चित्रं, सगळी हातानं. सहाच्या सहा मिनिटं दोघं नुसती चालतात. पुढं तो, मागं ती. आजूबाजूला कौलं जाऊन स्लॅब येतात, टांगे जाऊन रिक्षा येतात, चिमणी धूर सोडते, थांबते, पडते. त्यांचे केस पिकतात. आणि अगदी शेवटी, शेवटच्या चोवीस चित्रांत, ती दोन पावलं भरून काढते आणि त्याच्या शेजारी येते. पुण्याची आरोही, स्टुडिओतली मैत्रीण, पिक्चरचा आवाज करणारी, ती तो शेवट बघून फोनवर रडली होती. "काय शेवट केलायस गं बये!" चित्रपट महोत्सवाच्या अर्जात प्रियदर्शनीनं दोन ओळीसुद्धा तयार ठेवल्या होत्या. 'साठ वर्षं नवऱ्याच्या मागं चालणाऱ्या बाईची गोष्ट. अखेर ती त्याच्या बरोबरीला येते.' आठवून आत्ता, भर रस्त्यात, तिचे कान तापले.

आणि ते हिसके! आधी तिनं फोनवर त्यांचं चालणं टिपून घेतलं होतं, पन्नासेक सकाळी, गॅलरीतूनच. समोरून. म्हणजे अव्वाचा हात अज्जांच्या आड. शिवाय ती ते आवाज बंद करून बघायची, कारण आवाज म्हणजे नुसते हॉर्न. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागद ठेवून ती चाल उतरवून घेताना मधूनच अज्जांची मान उडायची. तिला वाटलं, आपला हात हलला, कागद सरकला. आरोहीनंही बोट ठेवलं, "इथं चित्र उडतंय बघ, धक्का बसतोय." मग काय, बाईसाहेबांनी दोन आठवडे बसून एकेक धक्का काढला. एक्केचाळीस होते. मोजले होते तिनं, खोडरबराचा चुरा फुंकत फुंकत. चाल कशी इस्त्री केल्यासारखी झाली आणि तिला स्वतःचाच अभिमान वाटला. दिव्याखाली अंधार म्हणतात. हिच्या तर दिव्यावरच अंधार होता. एक्केचाळीस वेळा त्या बाईनं त्या माणसाला हात दिला होता आणि एक्केचाळीस वेळा हिनं तो पुसला होता.

आता गेल्या गुरुवारचं बोलणं टोचायला लागलं. गेल्या गुरुवारी तिनं पिक्चर अव्वाला दाखवला होता. घाई होती ती अव्वाच्या डोळ्यांची. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती दिवाळी बघेल की नाही सांगता येत नाही. कडेकडेचं सगळं आधीच गेलं होतं, मधलं तेवढं राहिलं होतं, नळीतून बघावं तसं. महोत्सव पुढच्या वर्षी पुन्हा येईल, पण अव्वाची नजर येणार नाही, हे प्रियदर्शनीला पक्कं ठाऊक होतं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिनं एकदा बघितलं पाहिजे आणि म्हटलं पाहिजे, हे आम्हीच. अव्वानं बघितलं. डोळे बारीक करून, मान इकडं-तिकडं करत सहा मिनिटं बघितलं. मग म्हणाली, "बरं हाय की. लई कष्ट घेतलंय पोरीनं." आणि थोडं थांबून, "पर ह्या म्हाताऱ्याच्या मागं कोन न्हाय वाटतंय."

"अगं अव्वा, आहे की! तूच आहेस मागं. कडेला आहेस म्हणून तुला दिसली नाहीस."

"आसंल बा. माजे डोळे."

प्रियदर्शनीनंही तेच धरलं. तिचे डोळे. त्या रात्री निवांत झोपली.

तळ्याची हवा लागली. पाण्यावरून येणारा वास, ओल्या दगडाचा आणि शिळ्या फुलांचा. अज्जा देवळात गेले, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढून आले आणि पाण्याच्या पायरीवर माशांना चुरमुरे टाकत बसले. अव्वा दोन पायऱ्या वर, त्यांच्या बरोब्बर पाठीमागं. प्रियदर्शनी तिच्याशेजारी जाऊन टेकली. विचारायचं कसं, हेच कळेना. शेवटी तिनं हात नुसता टावेलाकडं केला. "अव्वा, ते मघाशी ओढलंस ते काय गं?"

"कुटलं?" अव्वाला खरंच आठवेना. तिला मघाशी उचकी लागली होती का, असं विचारल्यासारखं झालं. मग हसली. "त्ये व्हय! अगं बैलाला कासरा नसतोय का, तसं. उजवं वडलं की उजवीकडं. डावं वडलं की डावीकडं. दोनी वडलं की थांब. ह्यास्नी ऐकू येत न्हाय की गं, यव्वा. बैरे हायेत."

"ते माहीत आहे. म्हातारपणी कान जातातच."

"म्हातारपन?" अव्वानं गालावर हात मारून घेतला. "अय्यो! चाळीस वर्सं झाली की कान जाऊन! गिरनीतच गेले. तवा ह्यांचं वय चाळीस-बेचाळीस. एकदा म्या मागं ऱ्हायले हुते, हाक मारली, दोनदा मारली, न्हाईच. आनि पाटीमागनं यश्टी. डायवरनं शिव्या घातल्या, लोक हसले. ह्ये घरी येऊन भिताडाकडं तोंड करून झोपले. जेवले न्हाईत. दुसऱ्या दिशी मला म्हनले, चन्नी, मला ऐकू येत न्हाय, कुनाला सांगू नको. गिरनीत कळलं तर खातं बदलून पगार कापत्याल, आनि माज्या आईला कळलं तर ती मरंल. एकुलता एक लेक तिचा." अव्वानं पदरानं नाक पुसलं. "न्हाय सांगितलं. कुनालाच न्हाय. त्या दिसापासनं म्या मागं."

"त्या दिवसापासून? म्हणजे त्याच्या आधी?"

"आधी? आधी म्या म्होरं!" अव्वा आता खुदुखुदु हसायला लागली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, खांदे हलवून. "लई चपळ हुते गं म्या. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली पोर. फटाफटा चालायची, आनि ह्ये मागनं रमतगमत. सासू रोज म्हनायची, बायकांच्या जातीनं नवऱ्याच्या म्होरं चालू न्हाय. ह्या पोरीला एकदा हिसका दावला पायजे. म्या कशाची ऐकती! मग ह्ये कानाचं झालं आनि म्या मागं चालाया लागले. सासू काय खूश! गल्लीभर सांगितलं, सुनंला वळन लागलं म्हून." ती पुढं वाकली आणि अज्जांच्या पाठीवरची टोकं तिनं नुसती सारखी केली, ओढली नाहीत. "मेली तरी तिला कळलं न्हाय, की म्याच तिच्या लेकाला रोज हिसका दावती."

प्रियदर्शनी हसली. हसताना डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते तिला कळलं नाही. चाळीस वर्षं! अख्ख्या गल्लीनं त्या बाईकडं बघून म्हटलं, बघा कशी नवऱ्याच्या मागं चालते. चांगल्यांनी चांगलं म्हटलं. हिच्यासारख्या शहाण्यांनी बिचारी म्हटलं. आणि ती बाई दोघांचेही शेरे पाठीवर घेत मुकाट चालत राहिली, कारण खरं सांगितलं असतं तर पुढच्या माणसाची मान खाली गेली असती. प्रियदर्शनीच्या अंगावर काटा आला. देवळात येऊन तिला इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. समोर पायरीवर एक म्हातारा माशांना चुरमुरे टाकतोय, मागं एक म्हातारी बसलीय, ह्यापलीकडं काही नाही, आणि तिला हात जोडावेसे वाटत होते. कुणाला जोडावेत ते कळत नव्हतं. तिला शिवराज आठवला. आपण त्याच्या मागं कधी राहिलो नाही ह्याचा तिला केवढा अभिमान होता. पण त्याच्या मागून काय येतंय हे तरी कधी बघितलं? किंवा त्यानं आपल्या? शेजारून चालणाऱ्याला शेजारच्याची पाठ दिसत नाही. एवढी साधी गोष्ट, कागदावर आयुष्य घालवूनही तिला सुचली नव्हती.

"आता तुझे डोळे असे," ती म्हणाली. "आता गं?"

"आता काय. कडंचं दिसत न्हाय, मधलं दिसतंय. मधे ह्यांची पाट हाय." अव्वानं असं सांगितलं जसं बाजारात भाजी आहे म्हणून सांगावं. "तेवडी दिसली की पुरं. गाडी मला कानानं कळती. खड्डा ह्ये बगत्यात. ह्ये पाय उचलत्यात तितं म्याबी उचलती. चाललंय की."

अज्जा वळले आणि तळ्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय म्हनती पोरगी?"

अव्वानं त्यांच्याकडं तोंड केलं आणि ओठ मोठे करून म्हणाली, "दूद नासंल म्हनती!" अज्जा पोट धरून हसले. आणि दूध खरंच नासलं.

त्या दुधावरून आईनं सकाळभर तोंड सोडलं. दुपारी आरोहीला फोन केला तर ती म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय. वीस तारखेला अर्ज बंद होतात, आज आठ आहे. पिक्चर तयार आहे, शेवट बघून लोक रडणार आहेत. आणि तू म्हणतेस शेवटच काढून टाकते?"

"शेवट खोटा आहे, आरू."

"कुणाला कळणारेय?"

"जिला कळायला पाहिजे तिला कळलं. गेल्या गुरुवारीच कळलं. मीच तिला म्हटलं, तुझे डोळे गेलेत."

आरोहीला झालेलं काम टाकून दिलेलं चालत नाही, पण चूक आवाजातून ऐकू येते तिला. शेवटी म्हणाली, "हॉर्न कुठला पाहिजे? मोटारसायकलचा की यश्टीचा?"

प्रियदर्शनीनं पलंगाखालची ट्रंक ओढली. धक्के खोडले होते ते पक्क्या चित्रांतले; त्याआधीची कच्ची चित्रं तिनं टाकली नव्हती, आळसानं म्हणा, देवाच्या दयेनं म्हणा. तिनं खाली दिवा लावला, पहिला कागद ठेवला, त्यावर दुसरा. बोटांनी भराभर उलटले तशी अज्जांची मान मागं गेली, हनुवटी वर झाली. तिचा हात घसरला नव्हता. तिच्या हाताला सगळं दिसलं होतं. डोक्यालाच दिसलं नव्हतं. तिनं एकेक हिसका जिथं होता तिथं परत ठेवला. सुरुवातीचं सगळं बदललं. आता पहिल्या दीड मिनिटात मंगळवेढ्याची एक दोन वेण्यांची पोर ताडताड पुढं चालते आणि मागून एक उंच तरुण धोतराचा सोगा सावरत येतो. मग एक यश्टी येते. मग पोर मागं जाते. तिथं प्रियदर्शनीला आठ दिवस लागले, कारण पुढं चालणारी बाई मागं जाते तेव्हा तिचं काहीच कमी होत नाही, हे चित्रात आणायचं म्हणजे खायचं काम नव्हे. खांदे पडले की बिचारी होते, ताठ ठेवले की पुतळा होतो. शेवटी तिनं खाली जाऊन अव्वाला फरशी पुसताना बघितलं, भाकरी थापताना बघितलं, आणि ते खांदे मिळाले. कामात असलेल्या बाईचे खांदे. पिक्चरच्या शेवटी आता कुणी कुणाच्या शेजारी येत नाही. पुढं तो, मागं ती, आणि दोघं चालत राहतात. वीस तारीख आली तशी गेली. आईनं त्या दिवशी न बोलता तिच्या टेबलावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली, आणि जाताना एक कागद उचलून उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. "चन्नम्माच की गं ही," एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्याअखेरच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, खालच्या मजल्यावर खिडकीला चादर लावून अंधार केला. ह्या दिवसांत अव्वाची नळी आणखी बारीक झाली होती. दारातून कोण आलं ते ती आवाजावरून ओळखायची. लॅपटॉप पेटीवर ठेवला. अज्जा अगदी पुढ्यात स्टुलावर बसले, हातात भाकरीचा तुकडा, गळ्यात टावेल, टोकं पाठीवर. अव्वा त्यांच्या मागं पलंगाच्या कडेवर. प्रियदर्शनीला बसवेना. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आता हिला दिसलं नाही तर पुन्हा कधीच दिसणार नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. चित्रं चालू झाली. आरोहीनं आवाज केला होता तो सगळा अव्वाच्या कानातला. टांग्याच्या टापा, चपलांचा फटफटाट, लांबून गिरणीचा भोंगा. अज्जांना ह्यातलं काही पोचत नव्हतं, ते नुसते बघत होते, कटाकटा चावत होते. अव्वाचं तोंड मात्र दिसत नव्हतं. तिनं मान पुढं काढली होती, आणि दोन वेण्यांची पोर पुढं निघाली तेव्हा तिच्या घशातून बारीक आवाज आला. तो हसण्याचा की कशाचा, प्रियदर्शनीला ओळखता आलं नाही. चिमणी पडली, केस पिकले, बाळीवेशीचा कोपरा आला. आणि स्पीकरमधून, अव्वाच्या पाठीमागून यावा तसा, मोटारसायकलचा हॉर्न वाजला.

अव्वाचा हात पुढं आला. पडद्यावरचा नाही, पलंगावरच्या अव्वाचा. त्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला विचारलंही नाही. त्यानं अज्जांच्या पाठीवरची दोन्ही टोकं धरली आणि एक हिसका दिला. स्टुलावरच्या अज्जांची मान मागं गेली, हनुवटी वर झाली, भाकरीचा तुकडा तोंडापाशी थांबला. पडद्यावरच्या अज्जांचीही मान मागं गेली, हनुवटी वर झाली, पाय थांबले. दोघंही एकदमच, एका चित्राचाही फरक न पडता. प्रियदर्शनीनं तोंडावर हात दाबून धरला. मोटारसायकल निघून गेली.

"काय आलं गं?" अज्जांनी पुढंच बघत, मोठ्यानं विचारलं.

अव्वानं टोकं सोडली. "काय न्हाय," ती म्हणाली. चाळीस वर्षं त्यांना ऐकू जात नव्हतं आणि चाळीस वर्षं ती म्हणत आली होती, तसंच, त्यांच्या पाठीला म्हणाली, "नडीरी."

पडद्यावरचे अज्जा चालू लागले आणि स्टुलावरचे अज्जा पुन्हा भाकरी खाऊ लागले.